रोड सायकलिंगच्या बुटांचा तळ इतका कडक का झाला?

रोड सायकलिंगचे बूट हातात घेतले की गिऱ्हाईक आधी तळ वाकवून बघतं. तो वाकला नाही की माल चांगला. कंपन्याही कडकपणाला गुण देतात. शिमानोच्या मापात ते १२ पर्यंत जातात. चवड्याला जागा किती, हे मात्र बहुतेक खोक्यांवर छापलेलं नसतं.

हे कडकपणाचं प्रकरण पेडलपासून सुरू होतं. जुन्या रेसिंग सायकलचं पेडल म्हणजे धातूच्या दोन अरुंद पट्ट्यांची चौकट, त्यावर बुटाचं टोक धरणारी टो-क्लिप आणि आवळायला चामडी पट्टा. बुटाचा तळही चामड्याचाच. तासन् तास जोर लावला की पट्ट्यांच्या कडा चवड्यात रुतायच्या आणि वरून पट्टा काचायचा. क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तळाखालचा तुकडा, बसवणं हाही एक सोहळाच होता. नवा बूट आधी क्लीटशिवाय चालवायचा, पेडलचा वण तळावर उमटू द्यायचा आणि मग त्या वणाशी खाच जुळवून क्लीट खिळ्यांनी ठोकायची. ती तिरकी बसली तर गुडघा बोंब मारायचा आणि खिळे उपसावे लागायचे. ७०च्या दशकात सिदीसारख्या इटालियन कंपन्यांनी सरकवता येणारी क्लीट आणली. तळ वाकू नये म्हणून दुएजीने तर लाकडी तळही वापरला.

खरा पालट १९८४ चा. बूट स्कीला अडकवणाऱ्या बाइंडिंग बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने तीच युक्ती पेडलला लावली: बूट खटकन अडकतो, टाच बाहेर फिरवली की सुटतो. फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स याच पेडलवर जिंकली आणि पट्ट्याचे दिवस भरले. पण आता सगळा जोर तीन स्क्रूंनी बसवलेल्या एका छोट्या क्लीटमधून जाऊ लागला. मऊ तळ तिच्याभोवती वाकणार, म्हणून आधी कडक प्लास्टिक आणि पुढे कार्बन आलं.

इथवर कडकपणा गरजेचा होता. त्यानंतर, माझ्या मते, तो मिरवण्याचा झाला. २००३ च्या एका अभ्यासात प्लास्टिकपेक्षा कार्बनच्या तळाखाली चवड्यावरचा कमाल दाब सुमारे १८ टक्के जास्त भरला. तळपायाची आग होते ती उगीच नाही. २०१६ मध्ये कोलोराडो विद्यापीठात साधे धावण्याचे बूट आणि सायकलिंगचे बूट ताडून पाहिले, तर मध्यम जोराने चालवताना ऊर्जेत फरक दिसला नाही. जीव तोडून स्प्रिंट मारताना मात्र सायकलिंगचे बूट सरस ठरतात, हेही पुढे तिथेच दिसलं.

आरामाची गोष्ट मुख्यतः फर्म्याची, म्हणजे बूट ज्या साच्यावर घडवतात त्याची. बोआची फिरकी, म्हणजे बुटावरची तार आवळणारी चकती, २००१ मध्ये स्नोबोर्डच्या बुटांतून आली. तिने वरचा ताण सारखा वाटला जातो, पण फर्मा अरुंद असेल तर फिरकी काय करणार? इटालियन फर्मे अरुंद म्हणून प्रसिद्ध, आणि चपलांत मोकळा वाढलेला आपला चवडा तिथे करंगळीशी अडतो. सिदीची मेगा मापं, शिमानो आणि लेकचे रुंद बूट यासाठीच आहेत. आतला सोल काढून त्यावर उभं राहावं. पाय कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट परत ठेवावा. हे संध्याकाळी करावं, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. मुंग्या आल्याच तर आधी क्लीट थोडी टाचेकडे सरकवून बघावी, नवे बूट नंतर.

ब्रेव्हेवाल्यांचं, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठणाऱ्यांचं, गणित आणखी वेगळं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि मध्ये कंट्रोलवर (नोंदणीच्या थांब्यावर), टपरीवर उतरून चालावं लागतं. तीन स्क्रूंची क्लीट तळाबाहेर डोकावते, फरशीवर घसरते आणि झिजते. म्हणून पुणे-मुंबईकडचे बरेच जण दोन स्क्रूंच्या, तळात दडणाऱ्या एसपीडी क्लीटचे बूट घेतात. ही पद्धत शिमानोने १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी आणली होती.