मिसिंग स्पार्कचं की पेट्रोलचं? होमबिल्ट विमानातलं १३बी रोटरी

चार सिलिंडरचं इंजिन मिसिंग करायला (मधूनच न पेटता अडखळायला) लागलं की मेकॅनिकचा हात आधी प्लगकडे जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर जागी जातो. आरव्ही-४, लाँग-ईझी, कोझी अशा घरी बांधलेल्या विमानांत बसवलेल्या माझदा १३बी रोटरीला हीच सवय लावली तर फसगत होते. इथे रोटरी म्हणजे वाँकेल, पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन. पहिल्या महायुद्धातली, सिलिंडरांसकट गरगरणारी इंजिनं नव्हेत.

१३बीमध्ये ६५४ सीसीचे दोन रोटर असतात आणि प्रत्येकाला दोन प्लग. गाडीतल्या मांडणीत खालचा लीडिंग (आधी पेटणारा), वरचा ट्रेलिंग (मागाहून पेटणारा). यातला एक प्लग मेला तरी दुसरा मिश्रण पेटवतोच. इंजिन धक्के देत नाही. आरपीएम थोडा उतरतो आणि ज्वलन लांबल्यामुळे त्या रोटरच्या एक्झॉस्टचं तापमान चढतं. म्हणजे एकट्या प्लगचा, वायरचा किंवा कॉइलचा दोष मीटरवर दिसतो, सीटला जाणवत नाही. सीटला जाणवणारं खणखणीत मिसिंग असेल, तर एक तर त्या रोटरला पेट्रोल नीट मिळत नाही, नाहीतर दोन्ही इग्निशनना सामाईक असलेली एखादी गोष्ट गेली आहे: क्रँक अँगल सेन्सर (शाफ्ट कुठे फिरला आहे ते सांगणारा), ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) वीजपुरवठा किंवा अर्थिंग.

या दोन्हींत गल्लत होण्याचं मोठं कारण म्हणजे एक्झॉस्टमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. मिश्रण पेटलंच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये येतो. सेन्सर मोजतो ऑक्सिजन. न जळलेलं पेट्रोल त्याला नीट दिसत नाही. त्यामुळे दोष स्पार्कचा असला तरी आकडा ‘लीन’ (पेट्रोल कमी) येतो. तो पाहून बिल्डर पेट्रोल वाढवतो, प्लग ओले होऊन काळे पडतात, मिसिंग वाढतं, आकडा आणखी लीन दिसतो आणि पुन्हा पेट्रोल वाढवलं जातं. मिसिंग चालू असताना वाइडबँडवर विश्वास ठेवून मॅपला (ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्याला) हात लावू नका. तेवढ्या वेळेपुरता तो आकडा खोटा आहे.

त्याऐवजी टॅकोमीटर बघा. ईसीयूकडून येणारा आरपीएम क्रँक सेन्सरवर चालतो. प्रॉपेलरचं जडत्व इतकं असतं की ५००० वर फिरणारं इंजिन पाव सेकंदात शून्यावर येऊच शकत नाही. धक्का बसताना काटा शून्याला शिवून परत आला किंवा लॉगमध्ये एका नोंदीपुरता ९००० दिसला, तर इंजिन तसं फिरलेलं नाही, सिग्नल तुटला आहे. सेन्सर आणि दातेरी चाकातलं अंतर तपासा. सेन्सरची वायर कॉइलच्या वायरींसोबत एकाच जुडग्यात बांधली असेल तर ती वेगळी करा. शील्ड असलेली केबल वापरा आणि शील्डला अर्थ एकाच टोकाला द्या. उलट काटा हळूहळू उतरत असेल, इंजिन दम खात असेल आणि सोबत फ्युएल प्रेशरचा काटा थरथरत असेल, तर गुन्हेगार पेट्रोलच्या बाजूला आहे.

मिसिंग कधी होतं यावरूनही बरंच कळतं. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला लागणारं व्होल्टेज सर्वात जास्त असतं ते जमिनीलगत, पूर्ण थ्रॉटलला, कारण तेव्हा चेंबरमधली हवा सर्वात दाट असते. उंचीवर गेल्यावर बरं होणारं मिसिंग इग्निशनकडे बोट दाखवतं. बॅटरीच्या व्होल्टेजचंही तसंच. वेस्ट-स्पार्क पद्धतीत (एकच कॉइल दोन्ही रोटरच्या प्लगना एकदम ठिणगी देते) लीडिंग कॉइलला ६००० आरपीएमला दर ५ मिलिसेकंदांनी ठिणगी द्यावी लागते, त्यामुळे अल्टरनेटर बंद पडून बॅटरी उतरू लागली की कॉइल पुरती भरत नाही आणि वरच्या आरपीएमला मिसिंग आधी सुरू होतं. व्हेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ अडकणं) याच्या उलट: उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पेट्रोल लवकर उकळतं. कडक उन्हात उभं राहून, तापलेल्या काउलिंगसह (इंजिनच्या झाकणासह) टेकऑफ केलेल्या विमानात काही मिनिटांनी सुरू झालेलं मिसिंग बहुतेक तेच असतं. पंप इंजिनकडच्या गरम बाजूला बसवला असेल तर तो फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) थंड बाजूला, टाकीजवळ आणि खाली न्या. उरलेलं पेट्रोल परत नेणारी रिटर्न लाइन टाकीपर्यंत सलग हवी.

आता सर्वात फसवी जागा: इंजेक्टर स्टेजिंग. कमी पॉवरला प्रत्येक रोटरला फक्त प्रायमरी इंजेक्टर पेट्रोल देतो. ठरलेला मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) ओलांडला की ईसीयू सेकंडरीही चालू करतो आणि मात्रा दोघांत वाटून देतो. एका रोटरचा सेकंडरी तुंबला असेल, तर त्या क्षणी त्या रोटरचं पेट्रोल जवळपास निम्मं होतं. आयडल छान, टॅक्सी छान, आणि थ्रॉटल पुढे करताच तलवारीने तोडल्यासारखं मिसिंग. लक्षण अगदी स्पार्क गेल्यासारखं, आणि मिक्श्चर नॉबला थोडं फिरवून ते जातही नाही. ओळखायचं असं: थ्रॉटल अगदी सावकाश वर-खाली करा. दर वेळी त्याच मॅनिफोल्ड प्रेशरला इंजिन अडखळलं तर ते स्टेजिंग आहे. प्रायमरी तुंबला असेल तर चित्र उलटं होतं. आयडलला खडखड, वर सुधारणा.

जमिनीवरची तपासणी एका वेळी एकच गोष्ट बदलून करायची. विमान शेपटीला दोर बांधून, चाकांना चॉक लावून उभं करा. प्रॉपेलरच्या रेषेत कोणी नको. इंजिन ४००० आरपीएमला धरा, २.८५ च्या गिअरबॉक्सवर प्रॉपेलर सुमारे १४०० फिरतो. ट्रेलिंग बंद करा: घट अगदी थोडी. चालू करा, मग लीडिंग बंद करा: घट जास्त, एक्झॉस्टही तापतं. एखादी बाजू बंद केल्यावर आरपीएम अजिबात हललाच नाही, तर ती बाजू आधीच मेलेली होती. एखाद्या बाजूवर इंजिन खडखडलं, तर त्या बाजूचा एक प्लग, वायर किंवा कॉइल गेली आहे. दोन रोटरना वेगळ्या कॉइल असतील तर त्यांची जागा पुढच्या आणि मागच्या रोटरमध्ये बदला. दोष कॉइलसोबत गेला की निकाल लागला. वायरी परत लावताना जपून. वेस्ट-स्पार्कवर लीडिंगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तरी चालते, ट्रेलिंगची झाली तर ठिणगी १८० अंश चुकते आणि इंजिन उलटे फटके मारतं.

पेट्रोलच्या बाजूला अंदाज नको, माप घ्या. १७० हॉर्सपॉवरला सुमारे ५५ लिटर प्रति तास लागतात, म्हणजे मिनिटाला ०.९ लिटर. अमेरिकेतल्या प्रमाणित लहान विमानांच्या २०१७ पूर्वीच्या नियमात पंपाने टेकऑफच्या गरजेच्या १२५ टक्के द्यावे लागत. तेच धरलं तर आकडा मिनिटाला १.१५ लिटर होतो. उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून, इंजिन बंद असताना रिटर्नची नळी मापाच्या कॅनमध्ये सोडा. रेग्युलेटर जागेवर ठेवून एक पंप बरोबर एक मिनिट चालवा, मग दुसरा. बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज १३.८ च्या आसपास ठेवा. मग इंजेक्टर काढून चारही सारख्याच वेळेसाठी मापाच्या नळकांड्यांत फवारा आणि मिलिलिटर ताडून पाहा.

प्लगचा रंग रोटरीत जपून वाचायचा. एपेक्स सीलसाठी (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांसाठी) पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ८ मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं असेल तर थोडी काजळी येणारच. ओला, पेट्रोलचा वास मारणारा प्लग म्हणजे तिथे मिश्रण पेटत नव्हतं. कोरडा पांढरट म्हणजे लीन. १००एलएल (शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल) वापरत असाल तर शिशाच्या करड्या गुठळ्या शोधा. १३बीला इतक्या ऑक्टेनची गरज नाही.

मिसिंग फक्त आयडलला असेल आणि गरम इंजिन स्टार्ट व्हायला कुरकुरत असेल, तर स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही सोडून कॉम्प्रेशन बघा. इग्निशन आणि इंजेक्टर बंद करून एक प्लग काढा, स्टार्टर फिरवा आणि ऐका: फस्, फस्, फस्, तीनही सारखे हवेत, रोटरच्या प्रत्येक फेसचा (बाजूचा) एक. एक मऊ असेल तर त्या फेसचं साइड सील, सलग दोन मऊ असतील तर त्यांच्यामधलं एपेक्स सील. साधा गेज तिन्हींतला सर्वात मोठा आकडा धरून बसतो, म्हणून रोटरीचाच टेस्टर हवा. रेनेसिससाठी (१३बीच्या आरएक्स-८ मधल्या नंतरच्या रूपासाठी) माझदाची मर्यादा २५० आरपीएमला किमान ६८० किलोपास्कल आणि तीन फेसमध्ये जास्तीत जास्त १५० चा फरक अशी आहे.