स्वादुपिंड कर्करोग : पुनरुद्भवावरील शस्त्रक्रिया

स्वादुपिंडाचा कर्करोग एकदा काढल्यानंतर पुन्हा उद्भवल्यास निवडक रुग्णांवर केली जाणारी दुसरी शस्त्रक्रिया. पुनरुद्भव बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतो. यकृतात किंवा उदरपोकळीच्या अस्तरावर रोग पसरला असेल, तर सहसा शस्त्रक्रिया न करता केमोथेरपी देतात.

स्वादुपिंडाचे डोके व त्याला लागून असलेला लहान आतड्याचा भाग काढण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेला मुंबईत सर्रास ‘व्हिपल’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांचे वर्णन १९३५ चे. परंतु बर्लिनच्या वाल्टर काउश यांची शस्त्रक्रिया १९१२ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि इटलीतील अलेस्सांद्रो कोदिव्हिल्ला यांचा प्रयत्न १८९८ च्या सुमाराचा. कोदिव्हिल्ला यांचा रुग्ण फार दिवस जगला नाही. तेव्हा आद्यत्वाचा मान काउश यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरा वाद शेष स्वादुपिंडातील गाठीबद्दल आहे. कापलेल्या कडेवर राहिलेल्या पेशी वाढल्या, की हा नवाच कर्करोग? कडा निर्मळ (कर्कपेशीविरहित) असून काही वर्षांनी स्वादुपिंडाच्या शेपटाकडे गाठ आली, तर ती नवी मानण्याकडे कल दिसतो. के-रास या पेशीवाढीशी संबंधित जनुकातील उत्परिवर्तन सुमारे नव्वद टक्के गाठींत असतेच. त्यामुळे दोन्ही गाठींतील नेमका बदल ताडून पाहावा लागतो, आणि तो नेहमीच्या आढळातला असेल तर जुळूनही शंका उरते. त्यासाठी पहिल्या गाठीचे मेणातले ब्लॉक (मेणात जतन केलेले ऊतीचे तुकडे) हवेत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) बाहेरगावच्या रुग्णाकडे जुन्या स्लाइड व ब्लॉक मागतात; ते गावाकडच्या लॅबमध्येच राहिले असतील, तर रुग्णाचा भाऊ पुन्हा एस.टी. धरतो.

उरलेले स्वादुपिंड काढताना, पहिल्या वेळी जोडलेले आतडे चिकटून बसलेले असल्याने ते सोडवण्यातच बराच वेळ जातो. प्लीहाही बहुधा काढावी लागते. त्यानंतर इन्शुलिन कायमचे. साखर वाढवणारे ग्लुकागॉन हे संप्रेरकही नाहीसे झाल्याने साखर अचानक घसरते. शिवाय भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर पाचकरसाची कॅप्सूल घ्यावी लागते.

मोठ्या रोहिणीभोवती आलेली गाठ आणि जुना व्रण सी. टी. स्कॅनवर सारखेच दिसू शकतात. सी. ए. १९-९ या रक्तातील कर्करोगदर्शक घटकाची चढती पातळी पुनरुद्भवाची सूचक असते. मात्र लुइस प्रतिजन (एका रक्तगट-प्रणालीतील घटक) नसलेल्यांत ती वाढतच नाही.

उपलब्ध निष्कर्ष मुख्यतः निवडलेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींवर आधारित असल्याने शस्त्रक्रियेचा लाभ त्यांत फुगून दिसत असावा. फुप्फुसात उशिरा आलेल्या एखाददुसऱ्या गाठीचे परिणाम तुलनेने बरे आहेत.