आंबोलीच्या रानातून गोव्याच्या बातम्या

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, सत्याग्रहही थांबले. गोव्यातल्या माणसाला बाहेरची खबर मिळणं आणखीच अवघड झालं. आत तर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची सेन्सॉरशिप. वर्तमानपत्रंच काय, लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नसे. रेडिओ होता, पण तो ‘एमिसोरा द गोवा’. सरकार बोलेल तेच तो बोलणार.

आंबोली म्हटलं की आपल्याला धबधबा आणि गरम भजी आठवतात. त्याच आंबोलीच्या रानातून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी एक गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागलं. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीत पोर्तुगीजांची वायरलेस यंत्रं हाती लागली होती. त्यांतूनच ट्रान्समीटर तयार झाला आणि एका ट्रकवर चढला. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. पुढे मुक्काम गोवा-कर्नाटक सीमेवरच्या कॅसलरॉकच्या जंगलात हलला. तिथे साप, जळवा आणि पावसाळा सोबतीला.

प्रसारण कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत होई. कोकणी घराघरासाठी, पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांसाठी आणि त्यांच्या शिपायांसाठी. मराठी वाचणारा गोवा मोठा होता, तरी कानाला कोकणीच जवळची, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. बातम्यांत गोव्याच्या लढ्याची खबर असे, दिल्लीत आणि संयुक्त राष्ट्रांत गोव्यावर काय बोललं जातंय ते असे, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींची हालहवालही असे. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो खंडनाचा भाग: पोर्तुगीज प्रचाराचा मुद्दा घ्यायचा आणि तो खोडून काढायचा. नुसत्या घोषणांवर कार्यक्रम सहा वर्षं टिकला नसता.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी गोव्यातलं बांबोळीचं पोर्तुगीज वायरलेस केंद्र उडवलं. दुसऱ्या दिवशी लिबिया आणि वामन यांनी विमानातून लाउडस्पीकरवर गोवा मुक्त झाल्याचं जाहीर केलं. लिबिया लोबो सरदेसाईंना पद्मश्री जाहीर झाली ती थेट २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीला!

मुक्तीनंतर पणजीला आकाशवाणी आली आणि बातम्यांना आकाशवाणीचा ठरलेला साचा मिळाला: आधी ठळक बातम्या, मग तपशील, शेवटी पुन्हा ठळक बातम्या. कुणाचं खोडून काढायचं कामच उरलं नव्हतं.