शाळापूर्व तयारी (नागपूर परिसर)

शाळापूर्व तयारी : अंगणवाडी, बालवाडी किंवा थेट घरातून इयत्ता पहिलीत येणाऱ्या बालकाची शारीरिक, भाषिक, गणनपूर्व व भावनिक तयारी करून घेण्याचा उपक्रम.

पूर्वी या टप्प्याची खूण म्हणजे विजयादशमीचे पाटीपूजन आणि अक्षरांचा ‘ओनामा’. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या पाठावरून आला, हे सामान्यतः मान्य आहे. त्यातल्या ‘सिद्धम्’विषयी मात्र मतभेद आहेत. काही अभ्यासक तो जैनांच्या सिद्धवंदनेशी जोडतात. इतर जण कातंत्र या जुन्या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या ‘सिद्धो वर्णसमाम्नायः’ या पहिल्या सूत्राकडे बोट दाखवतात. वर्णमालेच्या पाठांतराशी थेट नाते असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही परंपरा पुढे मिसळल्या असणेही शक्य आहे.

अक्षराआधी हात, कान व डोळा तयार व्हावा, हा विचार महाराष्ट्रात रुजवला तो मुख्यतः बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी, पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाडच्या कामातून. राज्याच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात (२०२२ पासून) तोच धागा दिसतो. एक मेळावा उन्हाळी सुट्टीपूर्वी, दुसरा शाळा उघडताना. नोंदणीपासून पालक-मार्गदर्शनापर्यंत सात टेबले. मूल उड्या मारते, वस्तूंचे गट करते, चित्र पाहून बोलते, आणि विकासपत्रात नोंद होते. मधल्या काळात माता गट आयडिया कार्डांवरून घरीच कृती घेतात. पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांचे वय ३१ डिसेंबर या मानीव दिनांकाला (वय मोजण्यासाठी ठरवलेल्या तारखेला) धरले जात असल्याने पहिलीच्या पहिल्या दिवशी एखादे मूल साडेपाच वर्षांचेच असते. विकासपत्र वाचताना हे विसरू नये.

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, बहुधा जूनअखेरीस उघडतात. त्यामुळे घरच्या तयारीचा काळ लांबतो. नागपुरातला खरा प्रश्न भाषेचा आहे. घरी ‘बाबा येऊन राहिले’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात ‘बाबा येत आहेत’ भेटते. शेजारी हिंदी असते, आणि रामटेक तालुक्यात देवलापारकडे काही घरांत गोंडी. पहिल्याच आठवड्यात बोली खोडून काढली की मूल चित्र पाहूनही बोलत नाही. म्हणून भाषेच्या टेबलावर घरच्या शब्दांतले उत्तर पूर्ण उत्तर मानले जाणे अत्यावश्यक आहे.

खासगी केजी वर्गांत पद्धत शाळागणिक बदलते.