चार खण, पाच अक्षरं

‘फोन मंद झालाय? रोज कॅशे साफ करा’ हा संदेश आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून करून ठेवलेल्या कामाचा साठा. तो साफ केला की जागा मोकळी होते, हे खरं. पण फोन वेगवान होत नाही; करून ठेवलेलं काम त्याला पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. कॅशे केवढा ठेवायचा आणि भरला की त्यातून काय काढायचं, हा खरा कस लावणारा प्रश्न आहे.

तुम्ही आत्ता वाचताय त्या अक्षरांचंच बघा. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये पडद्यावर चित्र काढायचं काम स्किआ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते. फॉन्टमध्ये अक्षराच्या फक्त वक्र कडा नोंदलेल्या असतात. त्यावरून ठिपक्यांचं चित्र बनवायला वेळ लागतो, आणि पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा तर एका खेपेला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणून एकदा बनवलेलं चित्र जपून ठेवायचं, छापखान्यातल्या खिळ्यांसारखं. ‘क्ष’चा खिळा वेगळा, १२ पॉइंटचा वेगळा, १६ पॉइंटचा वेगळा. इथे तर अक्षर पाव पिक्सेल सरकलं तरी नवं चित्र लागू शकतं, म्हणजे एकाच अक्षराच्या चार प्रती.

३२ बाय ३२ ठिपक्यांचं चित्र १ केबीचं. स्किआच्या अक्षर-कॅशेची मूळ मर्यादा २ एमबी धरली, तर चार-चार प्रतींच्या हिशेबाने सुमारे ५०० अक्षरं मावतात. जोडाक्षरांसकट देवनागरी, त्यात ठळक ठसा वेगळा, की हा कॅशेचा डबा भरलाच!

आता गंमत बघा. डब्याला चार खण आहेत आणि पानावर क, ख, ग, घ, च ही पाच अक्षरं ओळीने, पुन्हा पुन्हा येतात. नियम साधा: सर्वांत जुनं वापरलेलं काढा. ‘च’ आला, ‘क’ गेला. लगेच ‘क’ हवा, म्हणून ‘ख’ गेला. मग ‘ख’ हवा! जे काढावं तेच पुढच्या क्षणी लागतं. एकच खण कमी पडला, पण यश ८० टक्क्यांवर न थांबता थेट शून्यावर येतं. उलट नियम लावा, नुकतंच वापरलेलं काढा, आणि डबा एकदा भरला की दर चार मागण्यांत तीन अक्षरं तयार मिळतात. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडल्यावरच पटलं; तुम्हीही मांडून बघा. खऱ्या पानावर काना, वेलांटी सतत येत असल्याने ती टिकतात, मार खातात ती क्वचित येणारी जोडाक्षरं.

डबा मोठा केला तर? एका पानाला चालेल, पण अनेक ॲप एकदम उघडी असली की स्मृती संपते. शिवाय अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकाच डब्यात हात घालू लागले, की एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपापाशी रांग लागते.

सगळ्यांत वाईट म्हणजे दोन बोटांनी पान मोठं करणं. दर क्षणी नवा आकार, नवं चित्र, आणि ते पुन्हा कधीच लागत नाही. २५६ पिक्सेलहून मोठी अक्षरं स्किआ अशी साठवतच नाही, थेट कडांवरून काढते. व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या क्रिस ग्रीन यांनी २००७ मध्ये वेगळी वाट मांडली: ठिपक्यात रंगाऐवजी अक्षराच्या कडेपर्यंतचं अंतर ठेवायचं. मग एकच चित्र अनेक आकारांना पुरतं. किंमत एवढीच, की खूप मोठं केल्यावर अक्षराचे टोकदार कोपरे, आपल्या शिरोरेषेची टोकंसुद्धा, गोलसर दिसतात.