जुनी आरएक्स-८ आणि ‘रिबिल्ट इंजिन’: पार्श्वभूमी

माझदा म्हटलं की आपल्याकडे आधी स्वराज माझदाची मिनीबस आठवते. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या बघणाऱ्याला मात्र त्याच नावाची आरएक्स-८ भेटते, चार दारांची, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत पळणारी आणि बरीच स्वस्त. जाहिरातीत बहुतेक वेळा एक ओळ असते: ‘इंजिन रिबिल्ट, त्यानंतर ४,००० मैल.’ दुसऱ्या कुठल्या गाडीबद्दल असं वाचलं तर गिऱ्हाईक बिचकेल. इथे तीच जमेची बाजू धरतात.

आरएक्स-८ चं इंजिन रोटरी आहे: पिस्टनऐवजी हाउसिंग नावाच्या कवचात तिकोनी रोटर फिरतो, आणि दाब निसटू नये म्हणून त्याच्या टोकांवर अपेक्स सील आणि बाजूंना साइड सील अशा पट्ट्या असतात. रोटरीचं सीलचं दुखणं जन्मापासूनचं आहे. १९६७ साली जर्मनीत आलेली एनएसयू आरओ ८० पुढच्याच वर्षी युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली, पण वॉरंटीत इंजिनं बदलून देताना कंपनी खचली. १९६७ सालीच जपानमध्ये माझदाची रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट आली. हाउसिंगच्या आतल्या बाजूला उमटणाऱ्या लाटांसारख्या खुणांना तिथले अभियंते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या अपेक्स सीलने तो प्रश्न सोडवला. पुढे १९७८ पासून आरएक्स-७ च्या तीन पिढ्या झाल्या, १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत माझदाच्याच चार रोटरच्या गाडीने जिंकली. आज गाडी घेणाऱ्याची खरी काळजी मात्र २००३ पासून सुरू होते.

त्या वर्षी आलेल्या आरएक्स-८ मध्ये एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणारी, तोंडं हाउसिंगच्या परिघावरून काढून बाजूच्या प्लेटमध्ये नेली. इनटेक (हवा आत घेणारं तोंड) आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहणं त्यामुळे बंद झालं, धूर स्वच्छ झाला, आणि टर्बो नसतानाही १.३ लिटरमधून ब्रिटनच्या वरच्या मॉडेलला २३१ अश्वशक्ती मिळाली. त्या वर्षीचा सर्वोत्तम इंजिनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही याच इंजिनाला मिळाला. मोबदल्यात साइड सील तापलेल्या तोंडांवरून घासत जाऊ लागले आणि कार्बन धरायला नवी जागा मिळाली. सील वंगणासाठी इंजिन स्वतःचंच थोडं तेल जाळतं. सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक रोटरला ते तेल दोनच ठिकाणी मिळे, तेही कडेला, त्यामुळे सीलचा मधला भाग कोरडा राही. २००९ च्या सुधारित गाडीत मधोमध तिसरं छिद्र आलं. ते पहिल्या दिवसापासून हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत इतकी इंजिनं गेली की २००४ ते २००८ च्या मॉडेल्ससाठी इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल करावी लागली. तिथून गाडीचे मैल आणि इंजिनाचे मैल हे दोन वेगळे हिशेब झाले, आणि ‘रिबिल्ट’ हा शब्द बाजारात रुळला.

सगळा घोळ या शब्दात आहे. आपल्याकडे मेकॅनिक ‘इंजिनकाम झालंय’ म्हणतो तेव्हा जाणता माणूस लगेच विचारतो, हाफ की फुल? आरएक्स-८ बद्दल हा प्रश्न फार कमी जण विचारतात. ‘रिबिल्ट’ या एकाच शब्दाखाली निदान तीन वेगळी कामं येतात. एकात इंजिन खोलून रबरी सील, अपेक्स सील आणि स्प्रिंगा बदलतात, पण जुनीच हाउसिंग पुसून परत बसवतात. दुसऱ्यात रोटर हाउसिंग नवी घालतात आणि बाजूच्या प्लेटा घासून सपाट करून घेतात. तिसऱ्यात कारखान्यातून पुन्हा बांधून आलेलं किंवा अगदी नवं इंजिन बसवलेलं असतं. आतला क्रोमचा थर कडेला सुटू लागलेल्या हाउसिंगमध्ये नवी सील घातली तर सुरुवातीला आकडे छान येतात, पण तो खडबडीतपणा नव्या सीलनाही खाऊ लागतो. बाजूच्या प्लेटेवर साइड सीलने पाडलेली पायरी नखाला लागत असेल तर तिथून दाब निसटतच राहणार. म्हणून ‘४,००० मैलांपूर्वी रिबिल्ट’ ही ओळ एकटी काहीच सांगत नाही. सुट्या भागांचं बिल मागावं. त्यावर दोन रोटर हाउसिंग दिसल्या तर बोलणं पुढे न्यावं. फक्त सीलचा संच दिसला तर किंमत तशी धरावी. बिलच नसेल तर माझ्या हिशेबी इंजिनकाम झालेलंच नाही.

बिलानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब. पिस्टनच्या इंजिनाचा साधा गेज इथे फसवतो: त्यातला व्हॉल्व्ह रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचा दाब धरून ठेवतो आणि खराब बाजू झाकली जाते. जुने कारागीर तो व्हॉल्व्ह काढून स्टार्टर फिरवतात आणि काटा बघतात. निरोगी इंजिनात काटा सारख्या तीन उड्या मारत राहतो. एक सील गेलं असेल तर उडी लंगडते, आणि प्लगच्या भोकातून येणारा फुसफुस आवाजही तसाच अडखळतो. रोटरीसाठीचं खास यंत्र दोन रोटरचे मिळून सहा आकडे छापून देतं. गरम इंजिनावर, मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने, नव्या इंजिनाचा आकडा ८.३ बार धरतात आणि ६.८ ही किमान मर्यादा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड बारपेक्षा आणि दोन रोटरमध्ये एक बारपेक्षा जास्त फरक नसावा. फेऱ्यांचा उल्लेख नसलेला कागद मात्र निरुपयोगी आहे. नवा दमदार स्टार्टर इंजिन जोरात फिरवतो आणि आकडे फुगतात. २९० फेऱ्यांवर मिळालेले ६.९ बार २५० वर आणले की मर्यादेखाली जातात.

यंत्र हाताशी नसेल तर गाडी पंधरा मिनिटं चालवून बंद करावी, थोडं थांबून परत सुरू करावी. स्टार्टर फिरतच राहिला तर दाब गेला आहे. मालकाने आपण येण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल तर थंड इंजिन बघायला दुसऱ्या दिवशी परत जावं. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही इग्निशन कॉइल कधी बदलल्या तेही विचारावं. कॉइल मेली की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची जाळी वितळवतं, बाहेरची वाट तुंबते आणि ती उष्णता परत सीलवर येते. कितीतरी इंजिनं या स्वस्त भागापायी गेली, आणि दोष मात्र रोटरीच्या नावावर जमा झाला.

ब्रिटनमध्ये आणखी एक तारीख बघावी लागते: २३ मार्च २००६. त्याआधी नोंदलेल्या गाडीच्या रोड टॅक्सला वरची मर्यादा आहे. त्यानंतर नोंदलेली, किलोमीटरला २९९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी २३१ अश्वशक्तीची गाडी सगळ्यात महाग पट्ट्यात बसते. म्हणजे तेलाचं तिसरं छिद्र असलेलं चांगलं इंजिन हवं असेल तर दरवर्षी जास्त कर भरायचा. तरीही कागदपत्रं सारखी असतील तर मी २००९ नंतरचीच घेईन.

आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं. २०२३ मध्ये रोटरी परत आली ती माझदाच्या एमएक्स-३० या गाडीमध्ये वीज तयार करणारं एकाच रोटरचं इंजिन होऊन. त्यातली अपेक्स सील २ मिलिमीटरऐवजी अडीच मिलिमीटर जाडीची आहेत.