सायटिकाचे निदान: शारीरिक तपासणी आणि एमआरआय

कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळावर दाब आला की कळ नितंबामागून पोटरीत, कधी थेट पावलात उतरते. ही सायटिका, आयुर्वेदात गृध्रसी. तिच्या निदानात हाताने केलेली तपासणी आधी येते, एमआरआय नंतर. प्रत्यक्षात मात्र बरेच रुग्ण फिल्मचे पाकीट घेऊनच डॉक्टरांसमोर बसतात.

मुख्य चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा न वाकवता पाय उचलायचा. साधारण ३० ते ७० अंशांदरम्यान नेहमीची कळ गुडघ्याखाली गेली तर नसेचे मूळ चिडलेले असण्याची शक्यता असते. चाचणीला नाव फ्रेंच वैद्य लासेग यांचे मिळाले. १८८१ साली ती प्रबंधात मांडली त्यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने, आणि त्याआधी, १८८० मध्ये, सर्बियाचे लाझा लाझारेविच यांनी. हे डॉक्टर त्यांच्या देशात कथाकार म्हणूनही प्रसिद्ध आहेत.

गादी सरकलेल्या बहुतेकांत ही चाचणी सकारात्मक येते. पण न सरकलेल्यांतही ती अनेकदा तशीच येते. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ येणे दुर्मीळ, पण आले तर निदान बरेच पक्के होते. पायाचा अंगठा वर उचलताना ताकद कमी पडली तर संशय एल-५ नसेवर (कमरेच्या पाचव्या मणक्याखालून निघणाऱ्या) जातो. चवड्यावर उभे राहता येत नसेल आणि घोट्याचा झटका (टाचेमागच्या शिरेवर ठोकल्यावर पावलाची आपोआप होणारी हालचाल) मंदावला असेल तर एस-१ वर, म्हणजे त्याखालच्या त्रिकास्थीतल्या पहिल्या नसेवर.

एमआरआयमध्ये गादी आणि नस दोन्ही दिसतात, जे साध्या एक्स-रेत दिसत नाही. अडचण अशी की त्यात निरोगी माणसांचेही दोष दिसतात. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्क्यांत किमान एक गादी फुगलेली आणि २७ टक्क्यांत बाहेर आलेली आढळली. म्हणून अहवालातली ‘नस दबली’ ही ओळ कळीच्या बाजूशी, बधिरपणाच्या पट्ट्याशी आणि अशक्त स्नायूशी जुळली तरच तिला वजन.

लघवी अडणे, बैठकीची जागा बधिर होणे किंवा पायाची ताकद झपाट्याने जाणे यांत एमआरआय तातडीने करतात. ताप, घटते वजन, पूर्वीचा कर्करोग असेल तरीही थांबत नाहीत. भारतात मणक्याच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. एरवी सुमारे सहा आठवडे उपचार करून पाहतात. दुखणे हटले नाही आणि इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, की नेमकी कोणती गादी हे ठरवायला एमआरआय लागतोच.